चिठ्ठीताईनं खोडलेली ओळ

"चिठ्ठीताई, जरा खाली या. तुमची फौज आलीये."

गेटवरच्या वॉचमनकाकांचा फोन. सकाळची वेळ, चिठ्ठीताईचा ऑफिसातला पहिला चहासुद्धा अजून अर्धा व्हायचा होता.

"कसली फौज हो काका?"

"शाळेची पोरं. बादल्या, डबे, बाटल्या घेऊन. एक तर चक्क कुकर घेऊन आलाय. म्हणतात, आत्याला बोलवा."

सगळ्यांची आत्या! चिठ्ठीताईला हसूच फुटलं. तिला आत्या म्हणणारी खरी एकच, तिच्या दादाची मुलगी, ठिणगी. सहावीत आहे. पण ठिणगी जिथे जाते तिथे अख्खा वर्ग तिच्या मागे जातो आणि तिची आत्या ती वर्गाची आत्या. म्हणजे पोरं थँक्यू म्हणायला आली असणार, तिनं शाळेसाठी लिहिलेलं बेडकांचं पत्रक आवडलं म्हणून! आणि बादल्या बहुतेक झाडांना पाणी घालायला, हल्ली शाळा काय वाट्टेल ते करायला लावतात. हा सगळा विचार तिनं जिना उतरता उतरता करून टाकला. केससुद्धा सारखे केले, कोणी फोटो काढला तर असावेत म्हणून.

गेटबाहेर पोरांची ही रांग. बूट चिखलानं माखलेले, युनिफॉर्म गुडघ्यापर्यंत ओले, आणि चेहरे असे की जणू कप जिंकून आलेत. सगळ्यात पुढे ठिणगी. दोन्ही हातांत धरलेली निळी बादली, वर आईची ओढणी घट्ट बांधलेली.

"आत्या, आम्ही वाचवले! सगळे!"

"काय वाचवलंत गं सोन्या?"

ठिणगीनं ओढणी सोडली.

बादलीत बेडूक होते. एकावर एक, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन वर यायला बघणारे, पिवळ्या गळ्याचे बेडूक. चिठ्ठीताईनं बादलीकडे बघितलं, मग मागच्या पोराच्या डब्याकडे, मग त्याच्या मागच्या बाटलीकडे. बाटलीत शेपटीवाली पिल्लं. कुकरमध्ये अंड्यांचे झुबकेच्या झुबके.

"शिट्टी काढून ठेवलीये," कुकरवाला अभिमानानं म्हणाला. "हवा जायला."

चिठ्ठीताईनं वॉचमनकाकांचा फोन ओढून घेतला आणि वर ऑफिसात लावला.

आता ही चिठ्ठीताई कोण आणि चार बेडूक बघून तिच्या पायाखालची जमीन का सरकली, ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात.

तिचं ऑफिस असं की तिथे आपल्या भागातल्या प्राणी-पक्षी-झाडांची तब्येत तपासतात. कोण बरं आहे, कोण कमी होत चाललंय, कोण शेवटच्या घटका मोजतंय. जगाचा हिशोब वेगळा आणि आपल्या भागाचा वेगळा. हा पिवळगळ्या बेडूक घ्या. जगात ढिगानं. आपल्या भागात मात्र फक्त एका जागी उरलेला, गावाबाहेरच्या बंद दगडखाणीत जे पाणी साचतं ना, त्यात. दुसरीकडे कुठे नाही. संपलं.

हे शोधून काढलं बेडूकडॉक्टरांनी. नाव तसं नाही त्यांचं, पण ऑफिसात सगळे तेच म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. चार वर्षं खाणीत गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी विटेएवढा जाड अहवाल लिहिला. आणि तो अहवाल लोकांना कळेल असा करायचं काम चिठ्ठीताईचं. कोणाला काय सांगायचं, किती सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, सगळी आखणी तिची. ती म्हणायची, "मंत्र्याला वेळ नसतो, खाणमालकाला धाक असतो, पेपरवाल्याला घाई असते, आणि पोरांना... पोरांना सगळंच असतं."

तिची पद्धत पण भारी होती. टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं घरच्यांचे फोटो लावलेले. प्रेमानं नाही हं, कामासाठी! मंत्र्यांसाठी लिहायचं तर समोर बाबांचा फोटो, कारण बाबा पहिलं वाक्य ऐकतात आणि रिमोट उचलतात. खाणमालकासाठी दादा, कारण दादाचं पहिलं वाक्य कायम "यात माझा काय संबंध?" लिहून झालं की ती फोटोला मोठ्यानं वाचून दाखवायची. डॉक्टर दारातून विचारायचे, "काय, आज मंत्री काय म्हणाले?"

"रिमोट उचलला."

"मग कापा अजून दोन ओळी."

मंत्री एकदा खरोखर म्हणाले होते की जगात एवढे बेडूक आहेत तर आपल्याकडचे गेले म्हणून काय बिघडलं. चिठ्ठीताई पटकन म्हणाली, "साहेब, जगात माणसं भरपूर आहेत, म्हणून आपल्या घरातलं एखादं कमी झालं तर चालतं का?" डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले की हे वाक्य मला अहवालात का नाही सुचलं. अशी होती ती. बोलायला लागली की समोरच्याच्या काळजाला हात घालायची.

आणि चिठ्ठीताई हे नाव कुठून आलं? तर आधी ती औषधांच्या कंपनीत होती. गोळ्यांच्या खोक्यात तो घडी घातलेला पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, ती चिठ्ठी लिहायची. रिकाम्या पोटी घेऊ नये. उन्हात ठेवू नये. गाडी चालवू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये. ऐन उमेदीची वर्षं तिनं नुसतं नये-नये-नये लिहिण्यात घालवली. एकदा बाबांना विचारलं, तुम्ही वाचता का हो तो कागद? बाबा म्हणाले, "छान आहे. चष्मा पुसायला मऊ पडतो."

त्या दिवशी तिच्या डोक्यात जे काही झालं ते झालं. नोकरी सोडली, इकडे आली आणि शपथ घेतली की यापुढे माझ्या कागदावर नये, नको, मनाई यातलं काही येणार नाही. लोकांना अडवायचं नाही, ओढून घ्यायचं.

शाळेचं पत्रक लिहिताना समोर ठिणगीचा फोटो, दोन दात पडलेला, हसणारा. चिठ्ठीताईनं असं लिहिलं, असं लिहिलं की टायपिंगवाली मुलगी वाचताना रडली. खाणीतलं पाणी आटत चाललंय. एका घरात राहिलेलं हे शेवटचं कुटुंब. आणि शेवटची ओळ: त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे?

डॉक्टरांनी वाचलं. मान हलवली. मग पेन काढलं आणि खाली एक चौकट आखली. पाण्यात उतरू नये, बेडकाला आणि अंड्यांना हात लावू नये.

"हे काय!" चिठ्ठीताई उसळली. "एवढं गाणं लिहिलं आणि शेवटी तुम्ही पोलीस उभा केलात?"

"पोरं आहेत. जातील बघायला."

"जाऊ देत की! बघतील, आईबापांच्या मागे लागतील की खाणीत कचरा टाकणं थांबवा. तेच तर पाहिजे आपल्याला. हात लावू नये वाचलं की पोरगं पहिलं काय करतं माहितीये? कागदाचं विमान करतं."

"ताई, एक ओळ आहे. राहू दे."

"तुम्ही बेडूक सांभाळा, माणसं मी सांभाळते."

आणि तिनं ती ओळ खोडली. डॉक्टरांच्या समोर, त्यांच्याच पेनानं. डॉक्टर हसले पण. कारण तोपर्यंत तिचं काही चुकलं नव्हतं ना कधी.

तर आता गेटपाशी.

डॉक्टर धावत खाली आले. त्यांनी बादलीत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की चिठ्ठीताईनं नजर फिरवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली उकिडवे बसले, बाटलीवाल्या मुलीला हळूच विचारलं, "बाळा, हे पाणी कुठलं?"

"नळाचं. खाणीतलं घाण होतं ना, म्हणून आम्ही स्वच्छ घातलं."

नळाच्या पाण्यात औषध असतं. माणसाला चालतं, त्या पिल्लांना नाही. बाटलीतली अर्धी पिल्लं पोट वर करून तरंगत होती आणि ती मुलगी म्हणाली, "झोपलीयेत."

चिठ्ठीताईनं गेटचा गज धरला. झोपलीयेत! तिनंच लिहिलं होतं पत्रकात की पिल्लं दिवसा पाण्याच्या तळाशी निवांत झोपतात. शब्दन् शब्द तिचा होता, पोरं तिचीच भाषा बोलत होती.

"काका, पोरांना हॉलमध्ये बसवा," डॉक्टर म्हणाले. "डबे सगळे माझ्या खोलीत. झाकणं उघडी ठेवा. आणि गच्चीवरच्या पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी आणा, ताबडतोब." मग चिठ्ठीताईकडे न बघता म्हणाले, "हे सगळे नाहीत. मोठे बेडूक याच्या दुप्पट होते खाणीत."

"म्हणजे अजून तिकडे आहेत?" तिला जरा हायसं वाटलं.

"पाहणीला आपला माणूस सकाळीच खाणीवर गेलाय, आत्ता फोन आला त्याचा. पाणी मोकळं आहे. एक अंडं नाही."

मग उरलेले कुठे? पोरांच्या घरी, अजून कुठे! बाथरूमच्या टबात, विहिरीत, सोसायटीच्या कारंज्यात. आणि जितका वेळ जाईल तितके ते हातचे जाणार. आणि कुठे आहेत ते फक्त पोरांना माहीत.

एवढ्यात जिन्यावर ऑफिसचे मोठे साहेब उभे. त्यांना कोणीतरी सांगितलेलंच. त्यांनी तिथेच, जिन्यावरच, बैठक घेतली. साहेब शांत. भयंकर शांत.

"चिठ्ठीताई, तुमच्याच पद्धतीनं जाऊ. प्रत्येकाला वेगळं सांगायचं. पोरांना शाबासकी, एकेक पेन्सिल, घरी पाठवा. मंत्र्यांना कळवा की संशोधनासाठी काही बेडूक तात्पुरते हलवले. पेपरवाल्यांना काहीच नाही. तुमच्याइतकं छान कोणाला जमणार हे?"

चिठ्ठीताई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिची पद्धत! ज्याला जसं कळेल तसं सांगायचं, ही तिची पद्धत. आणि साहेबांच्या तोंडून तीच ऐकली तर ती चक्क थापा मारायची पद्धत वाटली. तिला धक्का साहेबांचा नाही बसला. धक्का याचा बसला की तिच्या डोक्यात ते शाबासकीचं वाक्य तयार पण झालं होतं. गोड, छोटं, टाळ्या पडतील असं.

"आणि उरलेले बेडूक?" डॉक्टर म्हणाले.

"शाबासकी मिळाली की पोरं आणून देतील."

"शाबासकी मिळाली की पोरं अजून लपवतील, साहेब," चिठ्ठीताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "वाचवलेली वस्तू कोण परत देतं?"

"मग रागावा. घाबरवा."

"मग तर कारंज्यात सोडून हात झटकून मोकळी होतील."

"मग करणार काय तुम्ही?"

ती सरळ हॉलमध्ये गेली.

पोरं सतरंजीवर बसलेली, चिखलाचे ठसे सगळीकडे. वॉचमनकाकांनी त्यांना बिस्किटं वाटलेली. ठिणगी पहिल्या रांगेत, पाठ ताठ, जणू आता मेडल येणार. चिठ्ठीताई उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे बोलायला पहिलं वाक्य नव्हतं.

"बेडूक..." ती म्हणाली आणि थांबली. "बेडूक मरतायत. तुम्ही आणलेल्यातले बरेच मेलेत."

कोणाचं तरी बिस्किट हातातच राहिलं. मागून एक आवाज, "पण आम्ही वाचवले ना?"

"नाही रे. त्यांना तिथून हलवायचंच नव्हतं. पाणी आटतं तसे ते खाणीतल्या खाणीतच उरलेल्या पाण्याकडे सरकतात, त्यांना ते जमतं. हात लावायचा नसतो त्यांना. हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं पण होतं. मी ती ओळ खोडली."

"का?" ठिणगी.

एवढंच. का. चिठ्ठीताईला वाटलं होतं पोरं रडतील, गोंधळ होईल. हे असं सरळ येईल असं नव्हतं वाटलं.

"कारण... ती ओळ चांगली दिसत नव्हती."

ठिणगीचे डोळे एवढे मोठे झाले. ती रागावली नव्हती अजून. तिला कळतच नव्हतं, की मोठं माणूस असं करू शकतं. आणि ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू कळत गेलेलं चिठ्ठीताईला बघावं लागलं. तिथून तोंड फिरवायची सोय नव्हती.

मग ती पुढचं भराभर बोलली. तुमची चूक नाही. पण ज्यांच्या घरी अजून आहेत ते आत्ताच्या आत्ता सांगा, डॉक्टर गाडी घेऊन येतायत, कोणी ओरडणार नाही, घरचे ओरडले तर त्यांना माझा नंबर द्या, माझ्यावर ओरडू देत.

मग कुकरवाल्यानं हात वर केला. "आमच्या गच्चीवर. आईच्या कपडे धुवायच्या टबात." मग एक, मग दुसरी, मग सगळेच एकदम. आमच्या विहिरीत, आमच्या आजीच्या हंड्यात, शाळेच्या टाकीत. एक बारकी मुलगी रडत रडत म्हणाली की माझा फ्रिजमध्ये आहे, त्याला गरम होत होतं. कोणाला हसू आलं नाही. डॉक्टर दारात उभे राहून पत्ते विचारत होते आणि ड्रायव्हरला फोनवर सांगत होते.

ठिणगी काही बोलली नाही. सगळे सांगून झाले तरी नाही.

"तुझे सगळे बादलीतच होते ना गं?" चिठ्ठीताईनं विचारलं.

ठिणगीनं मान हलवली. नाही.

"मग?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे कुठे?"

"तुझ्या बाल्कनीत. माशांच्या टाकीत. काल संध्याकाळी बाबांकडची किल्ली घेऊन गेले होते. सगळ्यात मोठी जोडी. तुला सरप्राइज." ती सतरंजीचं टोक खेचायला लागली. "तू लिहिलं होतंस ना, त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे. मला वाटलं तुलाच सगळ्यात जास्त पाहिजे असतील."

चिठ्ठीताईनं पर्समधून घराची किल्ली काढली. रात्रभर! रात्रभर तिच्या बाल्कनीत, ती आत टीव्ही बघत होती तेव्हा!

डॉक्टर आणि ती तिच्या घरी गेले, ठिणगी मागच्या सीटवर. जोडी जिवंत होती. दोघंही टाकीच्या काचेला चिकटून बसलेली, मादी गोल गरगरीत, अंड्यांनी भरलेली. चिठ्ठीताईनं "देवा!" म्हणून टाळी वाजवली. डॉक्टरांनी नाही वाजवली.

"ही परत जाणार नाहीत," ते म्हणाले.

"का? जिवंत आहेत की!"

"बाजारातल्या माशांच्या पाण्यात रात्र काढलीये, ताई. अंगावर काय रोग घेऊन जातील सांगता येत नाही. खाणीत सोडली तर जे वाचलेत तेही जातील. विहिरीतले चालतील, टबातले चालतील. ही दोन आता काचेतच राहणार. जन्मभर."

खाणीतली सगळ्यात मोठी मादी. ठिणगीनं जपून, निवडून, प्रेमानं आणलेली. चिठ्ठीताईनं वळून पोरीकडे बघितलं. तिला वाटलं आता जवळ घ्यावं. ठिणगी एक पाऊल मागे सरली. साधंच पाऊल, पण चिठ्ठीताईला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

परतीच्या वाटेवर तिनं मोठ्या साहेबांना फोन केला. मंत्र्यांना काय कळवायचं ते ऑफिसात येऊन नाही, गाडीतूनच सांगितलं. आमच्या पत्रकामुळे मुलांनी बेडूक उचलले, पत्रकातली सूचना मी काढली होती, निम्म्याहून जास्त अंडी-पिल्लं गेली. पेपरवाल्यांनाही हेच, खाणमालकालाही हेच.

"तुमची नोकरी राहील का यानं?" साहेबांनी विचारलं.

"नसेल राहत तर नाही राहणार. पण दुसरी शाळा हे पत्रक वाटायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे."

साहेबांनी फोन ठेवला. काय ठरवलं ते सांगितलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी खाणीवर पोचली. वाचलेले बेडूक पावसाच्या पाण्याच्या टोपल्यांत. ज्या पोरांना यायचं होतं ती आईबापांबरोबर आलेली. चिठ्ठीताईला वाटलं होतं डॉक्टर दोरी बांधतील, मागे व्हा म्हणतील. काही गरज पडली नाही. पोरं आपोआप रस्त्याच्या कडेला थांबली, एका ओळीत. आणि सगळ्यांनी हात पाठीमागे बांधलेले. कोणी सांगितलं नव्हतं. कुकरवाल्यानं तर बोटं इतकी घट्ट आवळलेली की पांढरी पडली होती.

सकाळपासून एवढं सगळं झालं, पण चिठ्ठीताई खरी हादरली ती त्या हातांकडे बघून. कालपर्यंत हीच पोरं गांडूळ दिसलं तरी तळहातावर घ्यायची.

डॉक्टर पँट दुमडून पाण्यात उतरले. टोपली तिरकी करून एकेक बेडूक हळूच सोडायला दोन माणसं लागतात, एक धरायला, एक झाकण उचलायला. ड्रायव्हर गाडी वळवत होता. डॉक्टर पोरांकडे बघून म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "एक हात पाहिजे. कोण येतंय? मी सांगेन कसं धरायचं."

कोणी हललं नाही. दादानं ठिणगीच्या खांद्याला हलकेच ढकललं, "जा गं, तुला आवडेल." ठिणगीनं पाय रोवले. हात पाठीमागेच.

चिठ्ठीताई तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "चल, आपण दोघी जाऊ. डॉक्टर आहेत. आता चालतं."

ठिणगीनं तिच्याकडे बघितलं. हॉलमधून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"कशावरून?" ती म्हणाली.

चिठ्ठीताई उठली, चपला काढल्या, आणि टोपली धरायला एकटीच पाण्यात उतरली.